बापावर गेलेली हनुवटी

रेणुका गाडीतून उतरली, बॅग फलाटावर ठेवली, "ताई!" म्हणून गळ्यात पडली, आणि मंजुश्रीला वाटलं, ही आपली बहीण नव्हे. बहिणीसारखीच कुणीतरी आहे, पण तिच्याहून बरी. विचार आला तसा तिने तो झटकला, बॅग उचलली, उशिरा आलेल्या गाडीला दोन शिव्या घातल्या. बाहेर ऑटोत बसल्यावर मात्र रेणुका रस्त्याकडे तोंड करून कापसाच्या गाड्या बघत राहिली आणि उतरतं ऊन तिच्या चेहऱ्यावर बाजूने पडलं. चेहरे बघणं हे मंजुश्रीचं रोजचं काम. नांदुऱ्यात शेषरावकाकांच्या फोटो स्टुडिओत ती कॉम्प्युटरवर बसून लोकांचे फोटो सुधारते. वांग काढते, डोळ्यांखालचं काळं पुसते, नवरदेवाचं पोट आत ढकलते. त्यामुळे घरच्यांना जे महिनाभर कळलं नसतं ते तिला स्टेशन रोड संपायच्या आत कळलं. हनुवटी. रेणुकाला हनुवटी आली होती.

आधी नव्हती असं नाही. पण ती इंद्रभानची होती. इंद्रभान म्हणजे या दोघींचा बाप, कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर उभं राहून आयुष्य काढलेला गरीब माणूस. त्याची हनुवटी ओठाखाली सुरू होते न होते तोच मान लागते. पुरुषाला दाढी असते, झाकून जातं. पोरींच्या वाट्याला ती उघडी आली. समोरून बघितलं तर काही कळत नाही. दोघींचे चेहरे गोल, हसरे, चारचौघींसारखे. बाजूने बघितलं की ओठाखालची रेघ मागे सरते, चेहरा काहीतरी बोलायला निघाला आणि भिडेखातर गप्प बसला असं वाटतं. लहानपणी आत्या दोघींचे गाल ओढून म्हणायची, "दोघीबी बापावर गेल्या व!" लेकराचं काही चांगलं निघालं तर ते आईवर जातं, बिघडलं की बापावर. मंजुश्रीने हे ऐकत ऐकतच वय काढलं, आणि तिला त्यात एक आधार होता. आहे ते दोघींचं आहे. रेणुका हुशार निघाली, पुण्याला शिकली, तिथेच नोकरीला लागली, बोलण्यातलं 'हाये' जाऊन 'आहे' आलं. सगळं तिचं तिला लखलाभ असो, पण आरशात बाजूने उभी राहिली तर तिलाही तेच दिसणार. एवढी एक गोष्ट देवाने नाही, बापाने सारखी वाटून दिली होती. आणि ही बया त्यातूनही निसटली.

घरी कलाबाईने लेकीवरून मीठमोहऱ्या उतरवायच्याच तेवढ्या बाकी ठेवल्या. "पुन्याचं पानी मानवलं व तुले," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "कशी उजळून राह्यली पाय. काय लावतं व तोंडाले?" रेणुका हसत होती. मंजुश्री गादीवर चादर टाकत होती, ती चादरीचं टोक ताणत म्हणाली, "तोंडाले नाई, हनुवटीले काय केलं ते विचार." रेणुकाचा हात आपोआप हनुवटीकडे गेला आणि मध्येच थांबला, कारण तिथे दाबायचं नसतं. मग तिने सांगून टाकलं. फिलर. जेल असतं एक, सुईने आत भरतात. पुण्यात स्किनच्या डॉक्टर आहेत, ऑफिसमधल्या दोघीतिघी जातात त्यांच्याकडे. ऑपरेशन नाही, टाका नाही. फार काही नाही गं आई, थोडंसंच, चेहऱ्याचा तोल साधायला. वर्षभराने आपोआप विरून जातं, मग पुन्हा भरायचं.

"भरतेत म्हंजे?" कलाबाईने डोळे मोठे केले. "करंजीत सारन भरतेत तसं?"

"हो, तसंच समज."

"अन् करंजी फुटली मंग?"

सगळे हसले. इंद्रभानही हसला, आणि हसता हसता त्याने आपली दाढी कुरवाळली. "माह्यासारखी नको झाली काय व, बापू?" तो रेणुकाला लाडाने बापू म्हणायचा. "तसं नाही हो बाबा," म्हणत ती त्याच्या पाठीला बिलगली. तो तिच्या हातावर थोपटत राहिला. मंजुश्रीला तेही बघवलं नाही. जिने बापाचा चेहरा टाकला तिची पाठ थोपटली जाते, आणि जी तोच चेहरा घेऊन रोज याच्या ताटात भाकर वाढते ती आपली चादर ताणत उभी. तिला हेवा वाटत होता. तिने शब्द शोधून बघितले, काळजी, राग, वाईट वाटणं, एकही बसेना. हेवाच होता, आणि त्याचं सगळ्यात वाईट हे की त्या हनुवटीला नाव ठेवायला जागा नव्हती. रेणुका नटवी दिसत असती, ओठ सुजवून आली असती, तर मंजुश्रीने तिला पोटभर हसून घेतलं असतं, स्टुडिओत नक्कल करून दाखवली असती. पण काम इतकं बेताचं होतं, इतकं मोजकं, की तिने स्वतः माउस हातात धरला असता तर तिनेही तेवढंच केलं असतं. केसभरही जास्त नाही. हे तिच्या मनात आलं आणि ती चमकली, कारण तेवढंच तिने केलं होतं. स्वतःला.

तिचा बायोडाटाचा फोटो. निळा पडदा, बाजूने उजेड, चेहरा थोडा वळवलेला. शेषरावकाकांनी काढला आणि ती एकटी असताना तिने तो उघडला. दुसऱ्याचं तोंड सुधारताना हात सराईतपणे चालतो. आपल्या तोंडाशी आल्यावर तो थांबत थांबत चालतो. तिने ओठाखालची रेघ थोडी पुढे आणली, जबड्याखाली किंचित सावली दिली. एवढंच. फोटोतली मंजुश्री एकदम काहीतरी ठरवलेली बाई वाटायला लागली. तोच फोटो सगळ्या स्थळांना गेला. स्थळं आली आणि गेली, कुणी जास्त शिकलेली मागितली, कुणी कमी वयाची. आता हे दुसरबीडचं आलं होतं. धम्मरत्न, वीज मंडळात नोकरीला, आईबाप नाहीत, आत्याने वाढवलेला. तो फोनवर बोलला होता तिच्याशी. घराच्या पुढच्या अंगाला हायवेवर एक गाळा रिकामा आहे, म्हणाला, तुम्हाला तिथं स्टुडिओ टाकता येईल, आमच्याकडे फोटोला लोक जालन्याला पळतात. इतकं कुणी तिला विचारलं नव्हतं. त्या गाळ्याला शटर कोणत्या रंगाचं लावायचं इथपर्यंत ती मनाने जाऊन आली होती. तिला हा मुलगा हवा होता. ती हे कुणाला म्हणाली नव्हती, पण हवा होता, आणि रविवारी तो आत्याला घेऊन बघायला येणार होता. त्यासाठीच तर रेणुका आली होती.

शनिवारी भाजी निवडताना कलाबाईने हळूच विषय काढला. मोठीला बघायला पाहुणे यायचे असले की धाकटीला घरात ठेवायचं नाही ही या भागातली जुनी रीत. तिला मावशीकडे नाहीतर मैत्रिणीकडे पाठवून देतात. पाहुणे गेले की ती परत येते आणि उरलेले पोहे खाते. वाईट कुणालाच वाटत नाही, निदान वाटलं तरी कुणी बोलत नाही. "रेणू, उद्या जराशी शेगावले मावशीकडे जाऊन ये," कलाबाई म्हणाली. रेणुका लगेच हो म्हणाली. तिच्या त्या चटकन हो म्हणण्यानेच सगळा घोटाळा केला. आपण घरात असलो तर ताईचं काय होईल हे हिला ठाऊक आहे, हिने ते आधीच धरून ठेवलं आहे, आणि वर मोठ्या मनाने सोडून देते आहे! मंजुश्रीच्या अंगाचा तिळपापड झाला. "काही जात नाई ते," ती मेथीची काडी मोडत म्हणाली. "माह्यासाठी आली अन् माह्याच दिवशी घराबाहेर काऊन? पानी तेच नेईन. मी काय धाकटीच्या तोंडाले भेतो?" कलाबाईने मेथीची जुडी पुढे ओढली. रेणुकाने ताईकडे इतक्या कौतुकाने बघितलं की मंजुश्रीला तिथल्या तिथे शब्द परत घ्यावेसे वाटले. पण बोलल्यावर कसे घ्यायचे? रात्रभर ती कूस बदलत राहिली, आणि शेजारी रेणुका पाठीवर सरळ निजली होती, हनुवटीवर दाब येऊ नये म्हणून.

रविवारी पाहुणे वेळेवर आले, जय भीम झालं, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींना नमस्कार झाला. सोजराबाई म्हणजे मुलाची आत्या, ठेंगणी, करड्या नजरेची, हातात मोठी पर्स. धम्मरत्न फोनवर वाटला होता तसाच निघाला, जरा लाजरा, मान खाली घालून हसणारा. मंजुश्री आत पडद्यामागे साडीची निरी सारखी करत होती. रेणुका पाण्याचा ट्रे घेऊन बाहेर गेली, दाराशी किंचित वळली, खिडकीतला उजेड बाजूने पडला, आणि सोजराबाईंनी दोन्ही हात पुढे केले. "ये गं बाई, ये. अशी माझ्याजवळ बस. फोटोतल्यापक्षा बी नीटस हाये की रे धम्मा!" ट्रेमधल्या पेल्यांचा आवाज झाला. मग रेणुकाचा घाईघाईतला आवाज आला, "मी नाही, मी धाकटी. ताई आत आहे, येतेय." पडद्यामागे मंजुश्रीने सगळं ऐकलं. आणि खरं सांगायचं तर आधी तिला बरं वाटलं. निमिषभरच. फोटोत तिने केलेली तीच हनुवटी होती ती, तिच्या हातचं काम, आणि बघणाऱ्या बाईने पहिल्या नजरेत पसंत केलं होतं. मग बाकीचं सगळं एकदम अंगावर आलं, आणि पोह्यांचा ट्रे उचलून तिला बाहेर जावं लागलं.

ती बसली. पाहुण्यांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं दिली. आपण बाजूने कुणाला दिसतोय याचाच हिशेब तिच्या डोक्यात चालला होता, म्हणून ती मान न वळवता बोलत होती आणि डावीकडच्या इंद्रभानने काही विचारलं तर अख्खी खुर्ची सरकवत होती. सोजराबाईंनी पर्समधून मोबाइल काढला, फोटो उघडला, हात लांब करून मंजुश्रीच्या तोंडाशेजारी धरला, मग रेणुकाच्या. बाजारात कापड जुळवावं तसं. "हा फोटो कोणाचा म्हणायचा?" त्यांनी विचारलं. "मोठीचाच," इंद्रभान म्हणाला. बिचाऱ्याला खरंच तसं वाटत होतं. त्याने तो फोटो कधी नीट बघितलाच नव्हता. "बरं," सोजराबाई म्हणाल्या आणि पोहे खाऊ लागल्या. धम्मरत्नने तेवढ्यात विषय बदलला, स्टुडिओचं विचारलं. अंगणात दोघांना बोलायला पाठवलं तेव्हा तो म्हणाला, "आत्याचं मनावर घेऊ नका, तिला चष्मा लागलाय पण लावत नाही." ती हसली. हसताना मान वळली, त्याने बाजूने बघितलं, आणि बघून नजर काढली नाही. तिला ते कळलं. पण कळून उपयोग काय, तिने लगेच तोंड फिरवलं. दिंडीदरवाज्याशी निघताना सोजराबाई एवढंच म्हणाल्या, "कळवतो."

दुपारी कुणी जेवलं नाही धड. इंद्रभान बाहेर खाटेवर जाऊन पडला, कलाबाई शेजारी गेली आणि तिथे काय सांगायचं ते तिचं तिने ठरवलं असेल. मोरीत कपबशा विसळत मंजुश्री बसली होती. रेणुका दारात येऊन उभी राहिली. तिचे डोळे सुजले होते, आणि रडून सुजलेले डोळेसुद्धा तिला शोभत होते, तोल साधलेल्या चेहऱ्याला सगळंच शोभतं, असं मंजुश्रीला वाटलं आणि तिने बशी जरा जोरात आपटली. "मी शेगावला जायला हवं होतं," रेणुका म्हणाली. "आता बोलून काय होते," मंजुश्री म्हणाली. "तूच घेऊन टाक तो पोरगा. चेहरा तं घेतलाच." रेणुका खाली बसली, ओल्या फरशीवर, नव्या ड्रेससकट. मग म्हणाली, "घेतलाच आहे. तुझाच घेतला."

मंजुश्रीला कळलं नाही. रेणुकाने मोबाइल पुढे केला. पहिल्यांदा पुण्याला निघताना दोघींनी स्टुडिओत काढलेला फोटो होता तो, दोघी एकमेकींकडे बघताहेत, दोघी बाजूने. मंजुश्रीच्या हातातली बशी तशीच राहिली. तिला आठवलं. तो फोटो छापायच्या आधी तिने उघडला होता, आपली हनुवटी थोडी सावरली होती, मग माउसचा बाण रेणुकाच्या हनुवटीवर नेला होता. आणि तिथे थांबली होती. ही चालली पुण्याला, हॉस्टेल, कॉलेज, सगळं हिचंच. एवढं राहू दे, असं म्हणून तिने फोटो बंद केला होता. नंतरचे फोटोही तसेच. दिवाळीचा, आत्याच्या घरचा, एकही फोटो सुधारल्याशिवाय तिने रेणुकाला पाठवला नव्हता, आणि प्रत्येकात एकीचीच सुधारली होती. "हा माझ्या टेबलावर असतो," रेणुका सांगत होती. "रूमवरच्या पोरी म्हणायच्या, तुझी ताई काय शार्प आहे गं, तू तशी का नाहीस. समोरून तर आपण सारख्याच दिसतो, घरी आले की समोरासमोरच बसायचो, मला काही फरक कळायचाच नाही. फोटोत मात्र कळायचं. मले वाटे, दोघी बापावर गेल्या म्हणतेत ते खोटं हाये. मी एकटीच गेलो." रडता रडता तिचं पुणं गळून पडलं होतं. "डॉक्टरले हाच फोटो दाखवला. म्हटलं, माह्या बहिणीसारखी करा. तेवढी नाई झाली तरी चालते. मी लय जळत होतो ताई तुह्यावर. आजचं पाहून मले असं झालं, की माहीच नजर लागली तुले."

मंजुश्रीने नळ बंद केला. तिला सांगायचं होतं. खुळे, तो फोटो मी केलेला आहे, माझीही तीच आहे, ही बघ, बाजूने बघ. शब्द तोंडाशी आले होते. पण त्याआधी दुसरंच काहीतरी आलं, गोड, कोमट, पहिल्यांदाच चाखल्यासारखं. तिच्यावर कुणी जळलं होतं. जन्मभर ती लोकांवर जळत आली, वर्गातल्या मुलींवर, लग्न झालेल्या मैत्रिणींवर, स्टुडिओत येणाऱ्या अनोळखी नवऱ्या मुलींवर, आणि सगळ्यात जास्त या धाकटीवर. आणि ही धाकटी तिकडे पुण्यात टेबलाशी बसून हिच्यावर जळत होती, सुया टोचून घेण्याइतकी. मंजुश्रीने ओला हात पदराला पुसला आणि तिच्या डोक्यावर ठेवला. "रडू नको," एवढंच ती म्हणाली. सांगू, तिला वाटलं. संध्याकाळी सांगू.

दिवे लागायच्या वेळी ती कणीक मळत होती तेव्हा फोन वाजला. हात पिठाचे म्हणून रेणुकाने तो उचलला, स्पीकर लावला आणि तिच्या तोंडासमोर धरला. धम्मरत्न होता. "जय भीम. बोलू का थोडं?" त्याने आढेवेढे घेतले नाहीत. आत्याचं एकच चाललंय, तो म्हणाला, की फोटो धाकटीचा पाठवला, दाखवली मोठी, आपल्याला फसवलं. "मी म्हणतो, फोटो थोडाफार सगळेच सुधारतात. मी बी माझ्या फोटोत कपाळावर केस वाढवून घेतलेत हो. तुमचं तर कामच ते. तुम्ही फक्त एवढं म्हणा की हो, फोटो जरा सुधारला होता. तुमच्या तोंडून ऐकलं की मी आत्याला समजावतो. मला तुम्ही पसंत हायेत. आज बघितलं तशाच."

आज बघितलं तशाच, मंजुश्रीने मनात म्हणून बघितलं. एक हो. हो म्हणायचं, बस, आणि तो गाळा, ते शटर, तो मान खाली घालून हसणारा माणूस. तिने वर बघितलं. रेणुका फोन धरून अगदी जवळ बसली होती, डोळे विस्फारून, आपल्या ताईवर आळ घेतला म्हणून चिडलेली. "सांग ना ताई," ती ओठांनीच म्हणाली, "सांग त्याले, जसाच्या तसा आहे म्हणून." त्या नजरेत अजून ते जळणं होतं. दुपारचं. हो म्हटलं की ते विझणार होतं, या क्षणी, या चुलीसमोर, आणि मग दोघी इंद्रभानच्या पोरी, त्यातली एक सुधारलेली आणि एक राहिलेली.

"नाही," मंजुश्री म्हणाली. "फोटोला हात लावलेला नाही."

धम्मरत्नने विचारलं, "मंग तो बहिणीचा?"

"माझाच आहे. जसाच्या तसा."

"मी तुम्हाला समोर बसून बघितलंय हो," तो हळूच म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, फक्त आपण काहीतरी द्यायला आलो आणि समोरच्याने हात मागे घेतला असं काहीसं होतं. "बाजूने बी बघितलंय."

"मग काय दिसलं?"

"बरं," तो म्हणाला. "राहू द्या. जय भीम." फोन बंद झाला.

रेणुका धुसफुसत उठली. याला डोळे आहेत की नाहीत, आत्यासारखाच आंधळा, बरं झालं सुटलीस, असं काहीबाही बोलत तिने फोन फडताळात ठेवला. मंजुश्रीने परातीतल्या कणकेत बोटं रुतवली. गाळा गेला, तिला वाटलं. आणि तिला आत्ताच रडू येईल असंही वाटलं, पण ते आलं नाही. रेणुका परत येऊन समोर बसली, तिच्याकडे बघत राहिली, मग कसनुसं हसून म्हणाली, "खरं सांगू? एवढ्या सुया टोचून घेतल्या, पण तुझ्यासारखी काही जमली नाही माझी."

"काय म्हटलं व?" मंजुश्री कणीक मळायची थांबली. "ऐकू नाई आलं."

आणि रेणुकाने ते पुन्हा म्हटलं.